छप्पन्नाव्या विद्यार्थ्याचे गुण कुठे गेले?

शाळेच्या संकेतस्थळावर गुण भरण्याचा एक साधा फॉर्म आहे असे समजू. वर्गात 60 विद्यार्थी, सहा विषय, आणि प्रत्येक विषयाला लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक असे तीन रकाने. म्हणजे एका विद्यार्थ्यामागे 18 आणि सगळ्या वर्गाचे मिळून 1080 रकाने झाले. वर्गशिक्षिकेने संध्याकाळी बसून ते सगळे भरले, शेवटचे बटण दाबले आणि पडद्यावर 'नोंद झाली' असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशी पत्रक छापून पाहावे तर पहिल्या 55 जणांचे गुण बिनचूक. छप्पन्नाव्याचे दहा रकाने भरलेले व आठ रिकामे. 57 ते 60 या चौघांच्या ओळी साफ कोऱ्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने रिकाम्या जागी शून्य धरायचे ठरवले असेल तर मग कोरेपणाही दिसणार नाही. चार मुले सर्व विषयांत नापास झालेली दिसतील, आणि शिक्षिकेला वाटेल की आपणच घाईत काहीतरी चुकलो.

हिशेब मांडला की कारण हाती लागते. 55 गुणिले 18 म्हणजे 990. त्यात छप्पन्नाव्याचे 10 मिळवले की बरोबर 1000. (फॉर्ममध्ये या रकान्यांखेरीज आणखी काही पाठवले जात नाही असे धरले आहे.) हजारावर गाडी थांबली, कारण ज्या भाषेत हा फॉर्म हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला आहे, त्या पीएचपी भाषेत 'मॅक्स इनपुट व्हार्स' नावाचे एक सेटिंग आहे आणि कोणी काही सांगितले नसेल तर त्याची किंमत 1000 धरली जाते. प्रोग्रॅममध्ये चूक नाही, शिक्षिकेची चूक नाही, सर्व्हरही आपले काम चोख करतो आहे. उणीव आहे ती एका ओळीच्या माहितीची, आणि ही माहिती कुठे लिहिली आहे, कशी लिहिली आहे, याचे परीक्षण करणे हा या लेखाचा विषय आहे.

पीएचपी ही भाषा रास्मुस लेरडॉर्फ यांनी 1994 मध्ये स्वतःच्या संकेतपानासाठी केलेल्या छोट्या साधनांतून वाढली. 1995 मध्ये त्यांनी ती साधने सर्वांना खुली केली. वेबच्या पानामागे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ती पुढे जगभर वापरली जाऊ लागली. भाषा म्हटली की आपल्याला व्याकरण आठवते. परंतु पीएचपीचा प्रोग्रॅम कसा वागेल हे केवळ त्याच्या व्याकरणावर ठरत नाही. सर्व्हरवर 'पीएचपी.आयएनआय' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात 'अमुक बरोबर तमुक' अशा ओळी असतात: मेमरी किती वापरायची, प्रोग्रॅम किती सेकंद चालू द्यायचा, चुका पडद्यावर दाखवायच्या की नाहीत, घड्याळ कोणत्या प्रदेशाचे मानायचे. तोच प्रोग्रॅम दोन सर्व्हरांवर ठेवला आणि या फाइली वेगळ्या असल्या, तर उत्तरे वेगळी येऊ शकतात. म्हणून ही फाइल म्हणजे प्रयोगाची परिस्थिती आहे. तापमान व दाब न लिहिता वायूचे आकारमान सांगण्यात जो दोष आहे, तोच दोष या सेटिंगांचा उल्लेख न करता 'प्रोग्रॅम चालतो' असे म्हणण्यात आहे.

या सेटिंगांची माहिती दोन ठिकाणी मिळते. एक, पीएचपीच्या माहितीपुस्तिकेत. तिच्या परिशिष्टात सर्व सेटिंगांचा एक मोठा तक्ता आहे, आणि भाषेच्या प्रत्येक विभागाच्या प्रकरणात त्या विभागापुरता तक्ता व त्याखाली प्रत्येक नावाचे थोडक्यात स्पष्टीकरण आहे. दुसरे ठिकाण म्हणजे ती फाइलच. पीएचपीबरोबर तिचे दोन नमुने मिळतात, एक विकासाच्या कामासाठी आणि एक प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरसाठी. या नमुन्यांत सेटिंगांच्या शेजारी टिपा लिहिलेल्या आहेत. अर्धविरामाने सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही, ती माणसांसाठी असते.

आता छप्पन्नाव्या विद्यार्थ्याकडे वळू. माहितीपुस्तिकेत 'मॅक्स इनपुट व्हार्स'ची नोंद उघडली तर ती चांगली आहे असेच म्हणावे लागेल. मर्यादा कशावर आहे ते तीत सांगितले आहे. संकेतपत्त्यातून येणारी, फॉर्ममधून येणारी आणि कुकीतून येणारी माहिती यांना ती वेगवेगळी लागू होते हे सांगितले आहे. मर्यादेपुढचे चल कापले जातात व इशारा दिला जातो हेही आहे. आणि हे बंधन कशासाठी आणले ते कारणही आहे. आता नमुना फाइल उघडू. तेथे या सेटिंगावर एकच ओळ आहे. तिचा आशय एवढाच, की किती चल स्वीकारायचे. पुढचे कापले जातील हे नाही, इशारा कोठे जाईल हे नाही. आणि सेटिंग बदलणारा माणूस बहुतेक वेळा फाइलच उघडून बसलेला असतो. माहितीपुस्तिका वाचतो तो ज्याला मुळात शंका आली आहे तो. शंका येण्याआधी जे कळायला हवे ते शंका आल्यावर वाचायच्या पुस्तकात ठेवले आहे, ही या व्यवस्थेविरुद्धची आमची पहिली तक्रार.

इशारा कोठे जातो हा प्रश्न किरकोळ नाही. प्रत्यक्ष वापराच्या नमुन्यात 'डिस्प्ले एरर्स' हे सेटिंग बंद असते, म्हणजे चुका व इशारे पडद्यावर येत नाहीत; ते सर्व्हरच्या चुकांच्या नोंदवहीत जातात. हे योग्यच आहे. परक्या माणसाला आपल्या फाइलींचे मार्ग आणि आतली रचना दिसू नये. पण त्यामुळे इशारा एका माणसाकडे जातो आणि गुण दुसऱ्याचे हरवतात. नोंदवही वाचणारा माणूस ती केव्हा वाचेल हे शिक्षिकेच्या हाती नाही.

हजारच का, याचीही एक कथा आहे. ती माहितीपुस्तिकेत अर्ध्या वाक्यात उरकली आहे. पीएचपी आलेली मूल्ये त्यांच्या नावांवरून गणित करून कप्प्यांत ठेवते. नावे साधी असतील तर ती कप्प्यांत पांगतात आणि शोध झटपट होतो. पण कोणी मुद्दाम अशी नावे निवडली की सगळी एकाच कप्प्यात पडतील, तर प्रत्येक नव्या नावाची आधीच्या सगळ्यांशी तुलना करावी लागते, आणि काम संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1000 नावांना साधारण 5 लाख तुलना. 65,000 नावांना 211 कोटींच्या घरात. एकच फॉर्म पाठवून सर्व्हरला मिनिटेच्या मिनिटे गुंतवून ठेवता येते. या युक्तीचा सिद्धान्त स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलाक यांनी 2003 मध्येच मांडला होता. पर्ल भाषेने त्याच वर्षी उपाय केला, बाकीच्यांनी दुर्लक्ष केले. डिसेंबर 2011 मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी पीएचपीसह अनेक भाषांवर हा हल्ला कसा होतो ते दाखवले, आणि जानेवारी 2012 मध्ये आलेल्या पीएचपी 5.3.9 मध्ये ही हजाराची मर्यादा आली. घाईतल्या त्या दुरुस्तीतच एक नवे, अधिक गंभीर छिद्र राहून गेले आणि पुढच्याच महिन्यात 5.3.10 काढावी लागली. असो. शिक्षकांना यातले महत्त्वाचे हे, की 1000 हा आकडा शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे ठेवून काढलेला नाही. तो हल्लेखोराला अडवण्यासाठी आहे आणि 3000 केल्यानेही तो अडतोच. हे कारण फाइलीतल्या टिपेत असते तर आकडा बदलणाऱ्याला किती ताणावे याचा अंदाज आला असता.

दुसरे उदाहरण अधिक रोजचे आहे. विज्ञान प्रदर्शनाचा अर्ज आहे. मुलाने नाव, इयत्ता, प्रकल्पाचे शीर्षक लिहायचे आणि पाच छायाचित्रे जोडायची. प्रत्येक छायाचित्र 1.9 एमबीचे. 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' म्हणजे एका फाइलीची मर्यादा, तिची गृहीत किंमत 2 एमबी. पाचही फाइली या चाळणीतून जायला हव्यात. पण पाचांची बेरीज 9.5 एमबी होते आणि 'पोस्ट मॅक्स साइझ' म्हणजे पूर्ण अर्जाची मर्यादा 8 एमबी आहे. अशा वेळी पीएचपी जास्तीची छायाचित्रे गाळत नाही. ती अर्जातले सगळेच चल रिकामे ठेवते, नाव आणि इयत्तासुद्धा. प्रोग्रॅमला दिसतो कोरा अर्ज, आणि तो मुलाला शिस्तीत सांगतो, 'नाव लिहिणे आवश्यक आहे.' मुलाने नाव लिहिलेले असते. तो पुन्हा लिहितो, पुन्हा पाठवतो, पुन्हा तेच उत्तर येते.

माहितीपुस्तिका हे सारे सांगते. मर्यादा ओलांडली की चल रिकामे होतात हे तीत स्पष्ट आहे, आणि पूर्ण अर्जाची मर्यादा एका फाइलीच्या मर्यादेपेक्षा मोठी हवी, मेमरीची मर्यादा साधारणपणे त्याहूनही मोठी हवी, हा संबंधही दिला आहे. फाइलीत मात्र ही तीन सेटिंगे तीन वेगळ्या प्रकरणांत आहेत: मेमरी साधनांच्या मर्यादांमध्ये, अर्ज माहितीच्या हाताळणीमध्ये, छायाचित्रे फाइली चढवण्याच्या प्रकरणात. एकीच्या टिपेत दुसरीचा उल्लेख नाही. पीएचपीच्या आतल्या रचनेप्रमाणे हे वर्गीकरण ठीक असेल. फाइल उघडणाऱ्याचा प्रश्न मात्र 'छायाचित्रे का चढत नाहीत' असा असतो, आणि त्याचे उत्तर तीन पानांवर विखुरलेले आहे. संच म्हणून वागणाऱ्या गोष्टी सुट्या सुट्या समजावून सांगण्याची ही खोड आपल्या पाठ्यपुस्तकांनाही आहे, पण तो वेगळा विषय.

आता विज्ञानशिक्षकांना जे सर्वांत आधी खटकेल त्याकडे येऊ. माहितीपुस्तिकेच्या परिशिष्टातील मोठ्या तक्त्यात चार रकाने आहेत: नाव, गृहीत किंमत, कोठून बदलता येते, आणि बदलांचा इतिहास. एककाचा रकानाच नाही. 'मॅक्स एक्झिक्यूशन टाइम' 30. 'सेशन जीसी मॅक्सलाइफटाइम' 1440. 'सेशन कॅश एक्स्पायर' 180. पहिले दोन आकडे सेकंदांत आहेत आणि तिसरा मिनिटांत! दहावीच्या मुलाने उत्तराला एकक लिहिले नाही तर आपण अर्धा गुण कापतो. येथे एकाच विषयाची दोन शेजारची सेटिंगे दोन एककांत आहेत आणि तक्ता दोन्ही आकडे नुसतेच छापतो. फाइलीच्या बाजूने हे सांगितले पाहिजे, की तिच्या टिपांत सेकंद कोठे आणि मिनिटे कोठे हे लिहिलेले आहे. म्हणजे या बाबतीत फाइल शहाणी आणि तक्ता अडाणी.

शून्याची गंमत त्याहून मोठी आहे. प्रोग्रॅमच्या वेळेला 0 दिले तर अर्थ होतो 'मर्यादा नाही'. अर्जाच्या आकाराला 0 दिले तरी तोच अर्थ. मेमरीला मात्र 'मर्यादा नाही' म्हणायचे तर उणे 1 लिहावे लागते. माहिती वाचण्याच्या वेळेला, म्हणजे 'मॅक्स इनपुट टाइम'ला, उणे 1 दिले तर त्याचा अर्थ होतो 'प्रोग्रॅमच्या वेळेचाच आकडा वापरा', आणि 0 म्हणजे मर्यादा नाही. सेशनच्या कुकीच्या आयुष्याला 0 दिले की अर्थ होतो 'ब्राउझर बंद होईपर्यंत'. यातले प्रत्येक विधान आपापल्या जागी लिहिलेले आहे, त्यामुळे दस्तऐवज खोटे बोलतो असे कोणी म्हणणार नाही. परंतु हा मूळ रचनेतला विसंगतपणा आहे, आणि तो एकत्र मांडून दाखवणारी चार ओळींची चौकट असायला हवी होती.

एककांचाच आणखी एक सापळा. आकारासाठी पीएचपी के, एम आणि जी ही तीन अक्षरे ओळखते. एम म्हणजे 1024 गुणिले 1024, अर्थात 10,48,576 बाइट. आपल्या सवयीने कोणी '10एम' ऐवजी '10एमबी' लिहिले, तर पीएचपी शेवटचे अक्षर पाहते, ते ओळखीचे नसते, म्हणून गुणक लावत नाही आणि नुसते 10 धरते. दहा बाइट! त्यात 'विज्ञान' हा शब्दही मावत नाही. कित्येक वर्षे हे मुकाट्याने होत असे. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या 8.2 आवृत्तीपासून पीएचपी इशारा देते, पण जुन्या वागणुकीला धक्का नको म्हणून किंमत 10 हीच धरते. कोणती अक्षरे चालतात हे माहितीपुस्तिकेने आधीपासून सांगितले होते. पण बरोबर कसे लिहावे हे सांगणे आणि चुकीचे लिहिल्यास काय होईल हे सांगणे, या दोन गोष्टी आहेत.

या ठिकाणी फाइलीच्या डोक्यावरच्या प्रस्तावनेचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण ती या दोन दस्तऐवजांतली आमची सर्वांत आवडती जागा आहे. तेथे साध्या शब्दांत कबूल केले आहे की सेटिंगांची नावे तपासली जात नाहीत. नाव लिहिताना चूक झाली तर पीएचपी तक्रार करणार नाही, ती गृहीत किंमत वापरील. लहान-मोठ्या लिपीचा फरकही धरला जातो. आपल्या यंत्राचा दोष इतक्या मोकळेपणाने त्याच्या पहिल्या पानावर छापणारे उत्पादक कमी. दोष दुरुस्त करायला हवा होता हे खरे, पण निदान वाचणाऱ्याला सावध तरी केले आहे.

त्याच फाइलीत अर्धविरामाने मात्र घोटाळा केला आहे. अर्धविराम म्हणजे 'ही टीप आहे' असे आपण वर म्हटले. पण काही ओळींत अर्धविरामानंतर टीप नसून खुद्द सेटिंगच असते, गृहीत किंमत कळावी म्हणून लिहून ठेवलेले. 'मॅक्स इनपुट व्हार्स'ची ओळ नेमकी अशी आहे. मदतीला आलेला उत्साही माणूस तेथे 1000 चे 3000 करतो, फाइल जतन करतो, सर्व्हर पुन्हा सुरू करतो, आणि छप्पन्नावा विद्यार्थी तेथेच राहतो. कारण पुढचा अर्धविराम काढायचा राहिला. एकाच चिन्हाने दोन कामे करू नयेत हे बीजगणित शिकवताना आपण पहिल्या आठवड्यात सांगतो.

'गृहीत किंमत' या शब्दाचेही असेच आहे. फाइलीच्या सुरुवातीला एक उपयुक्त सारणी आहे. तिच्यात निवडक सेटिंगांच्या तीन-तीन किमती दिल्या आहेत: भाषेची गृहीत किंमत, विकासाची आणि प्रत्यक्ष वापराची. 'डिस्प्ले एरर्स' भाषेच्या दृष्टीने चालू, विकासात चालू, वापरात बंद. म्हणजे सर्व्हरवर ही फाइलच नसेल, किंवा भलत्याच ठिकाणी असल्याने पीएचपीला सापडली नसेल, तर चुका पडद्यावर जगाला दिसतील. सुरक्षित किंमत नमुन्यात आहे, भाषेत नाही. सारणी हे दाखवते, पण त्याचा परिणाम शब्दांत सांगत नाही, आणि आमच्या मते फाइलीत सर्वांत ठळकपणे सांगायला हवी होती ती हीच गोष्ट.

या सारणीत 'सेशन जीसी डिव्हायझर' असाही एक आकडा आहे. त्यावर थोडे थांबू, कारण संभाव्यतेच्या तासाला इतके आयते उदाहरण क्वचित मिळते. एखादा शिक्षक संकेतस्थळावर प्रवेश करतो तेव्हा सर्व्हर त्याची एक तात्पुरती नोंद ठेवतो. ती 1440 सेकंद म्हणजे 24 मिनिटे वापरली गेली नाही की कचरा समजली जाते. पण कचरा समजणे आणि कचरा काढणे निराळे. साफसफाई दर वेळी होत नाही; सेशन सुरू करणारी प्रत्येक मागणी आली की जणू एक चिठ्ठी काढली जाते. भाषेच्या गृहीत किमतीप्रमाणे 100 पैकी 1 चिठ्ठी साफसफाईची असते, दोन्ही नमुना फाइलींत 1000 पैकी 1. फाइलीतली टीप हे गणित उत्तम समजावते, आणि गजबजलेल्या सर्व्हरना 1000 परवडते असेही सांगते. मग तो आकडा सरसकट सर्वांच्या नमुन्यात का? ज्या शाळेच्या संकेतस्थळावर दिवसाला अशा 200 मागण्या येतात, तेथे दिवसभरात एकदाही साफसफाई न होण्याची संभाव्यता 0.999 चा 200 वा घात, म्हणजे सुमारे 0.82. दहातल्या आठ दिवशी कचरा तसाच. संगणक कक्षात ब्राउझर उघडा ठेवून गेलेल्या शिक्षकाची 24 मिनिटांची मुदत केव्हाच संपली असे आपण समजतो, आणि तासाभराने त्याच जागी बसलेल्या मुलाला गुणांचा फॉर्म उघडा मिळू शकतो. (काही लिनक्स वितरणांनी, उदाहरणार्थ डेबियनने, चिठ्ठ्यांची पद्धत बंद करून ठरावीक वेळी साफसफाई करण्याची सोय केली आहे.) टीप गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवते, 1440 हा आकडा म्हणजे हमी नव्हे, एवढे वाक्य तीत हवे होते.

माहितीपुस्तिकेच्या चांगल्या जागाही नोंदवल्या पाहिजेत. 'डिस्प्ले एरर्स' प्रोग्रॅममधूनही चालू करता येते. पण प्रोग्रॅममध्येच घातक चूक असेल तर तो सुरूच होत नाही, त्यामुळे ती आज्ञाही पाळली जात नाही, असे तेथे समजावले आहे. नवशिक्याचा एक पूर्ण दिवस या एका वाक्याने वाचतो. प्रोग्रॅमच्या 30 सेकंदांबद्दलही असेच. विंडोजखेरीज अन्य ठिकाणी हे घड्याळ प्रोग्रॅमचे स्वतःचे काम मोजते, माहितीसाठ्याच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ धरत नाही. विंडोजवर मात्र प्रत्यक्ष वेळ मोजली जाते. घरच्या विंडोजवर बंद पडणारा प्रोग्रॅम लिनक्सच्या सर्व्हरवर चालतो, त्याचे कोडे येथे सुटते.

'कोठून बदलता येते' या रकान्याबद्दल मात्र संमिश्र मत द्यावे लागेल. काही सेटिंगे प्रोग्रॅममधून बदलतात, काही फक्त त्या फोल्डरपुरत्या फाइलीतून, काही केवळ मुख्य फाइलीतून. फाइल चढवण्याची मर्यादा प्रोग्रॅममधून बदलत नाही, हे तक्ता सांगतो. का, ते सांगत नाही. कारण अगदी सोपे आहे. प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधीच अर्ज येऊन पोचलेला आणि मोजलेला असतो. हे एकदा कळले की तक्त्यातल्या अनेक नोंदी पाठ करायची गरज उरत नाही. फोल्डरपुरत्या फाइलीचा आणखी एक चकवा आहे. ती 300 सेकंदांनी एकदा वाचली जाते, म्हणून केलेला बदल पाच मिनिटे दिसत नाही. अधीर माणूस तेवढ्यात आणखी चार बदल करून बसतो.

काही सेटिंगांना कितीही चांगली टीप लिहिली तरी उपयोग नसतो. 'रजिस्टर ग्लोबल्स' हे त्यातले. ते चालू असेल तर संकेतपत्त्यात कोणी जे नाव लिहील त्या नावाचा चल आपोआप प्रोग्रॅममध्ये तयार होई. प्रोग्रॅमकर्त्याने 'परवानगी' हा चल सुरुवातीला शून्य करायला विसरावे, आणि पत्त्याच्या शेवटी 'परवानगी बरोबर 1' एवढे लिहून कोणीही आत यावे. एप्रिल 2002 मध्ये 4.2.0 आवृत्तीने ते गृहीत बंद केले, 2009 मध्ये 5.3 ने ते टाकाऊ ठरवले आणि मार्च 2012 मध्ये 5.4 ने काढूनच टाकले. मधली दहा वर्षे माहितीपुस्तिका इशारे देत राहिली. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून सर्व्हरवाले ते पुन्हा चालू करत राहिले.

याच्या उलट प्रकार घड्याळाचा. 'डेट टाइमझोन' दिलेले नसेल तर 5.3 पासूनच्या आवृत्त्या सतत इशारा देत. लोक वैतागले, आणि डिसेंबर 2015 च्या 7.0 मध्ये तो इशारा काढून टाकला. आता पीएचपी गुपचूप जागतिक प्रमाणवेळ धरते. भारतात ती साडेपाच तास मागे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत केलेली प्रत्येक नोंद आदल्या दिवसाच्या तारखेत पडते. नमुना फाइलीत या सेटिंगापुढची जागा कोरी आहे, आणि तिच्याही आधी अर्धविराम आहे. तो इशारा त्रासदायक होता हे मान्य, पण आम्हाला तो शिकवणारा वाटत असे. रात्री जागून स्वाध्याय पाठवणाऱ्या मुलाला उशिराचा शेरा नाहक मिळाला किंवा नाहक टळला, तर पूर्वी निदान नोंदवहीत कारण लिहिलेले असे.

अर्धविरामानंतर यंत्र काहीच वाचत नाही. म्हणून तेथे मराठीतही लिहिता येते. आपल्या शाळेच्या सर्व्हरवरची फाइल ज्याच्या हाती असेल त्याने 'मॅक्स इनपुट व्हार्स'च्या ओळीवर पुढील टीप लिहून ठेवावी, असे आम्ही सुचवतो:

; एका फॉर्ममधून जास्तीत जास्त किती रकाने स्वीकारायचे. गृहीत किंमत 1000.
; पुढचे रकाने गळतात. भरणाऱ्याला काही कळत नाही, इशारा फक्त चुकांच्या नोंदवहीत जातो.
; गुणांच्या फॉर्ममध्ये 60 गुणिले 18, म्हणजे 1080 रकाने आहेत. म्हणून 3000 केले.
; विद्यार्थी किंवा विषय वाढले तर पुन्हा गुणाकार करून पाहा. खालच्या ओळीपुढे अर्धविराम ठेवू नका.